वळसंगच्या युरियाच्या पेल्यात बोट बुडवल्याबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या अलीकडचे, धंदा अर्जलेखन, राहणार भवानी पेठ, सोलापूर. नाव लिहीत नाही. आजवर इतरांची नावे हजारो कागदांवर लिहिली असल्यामुळे, कागदावर चढलेल्या नावाचे पुढे काय होते, याची मला पुरेशी कल्पना आहे.

विरुद्ध : कोणी नाही. रकाना रिकामा ठेवू नये असा नियम असल्यास, एक पेला पाणी.

दिनांक : मे महिन्यातले लागोपाठचे दोन सोमवार आणि त्यानंतरचा गुरुवार.

साक्षीदार : (१) माझ्या शेजारच्या टेबलावर बसून मुद्रांक विकणारे चाचा. (२) वळसंगच्या एक शेतकरी बाई, ज्यांना मी आक्का म्हणतो. (३) त्यांचे धाकटे दीर, ज्यांचे वळसंगातच खताचे दुकान आहे. (४) कृषी खात्याचे एक साहेब. सर्व साक्षीदार हयात असून सर्वांनी संबंधित पेल्यात बोट बुडवलेले आहे.

हकिगत अशी की, सरकारी कचेरीच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीलगत पत्र्याची एक शेड आहे. तिच्याखाली माझे टेबल गेली वीस-बावीस वर्षे आहे. माझे शिक्षण दहावीच्या परीक्षेच्या अलीकडे थांबले. परंतु माझे मराठी थांबले नाही. वकिलांच्या अर्जात ज्या ठिकाणी नुसता ‘म्हणून’ असतो, त्या ठिकाणी माझ्या अर्जात ‘सबब’ असतो. लोकांना हा फरक कळतो. सही करण्यापूर्वी ते माझा मजकूर मोठ्याने वाचून घेतात आणि स्वतःवर झालेला अन्याय ऐकून त्यांची मान ताठ होते.

विज्ञानाशी माझा संबंध एकाच तासापुरता आला. नववीत गुरुजींनी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात नवसागर टाकला आणि नळी कशी गार पडते ते पाहा, असे म्हणून ती वर्गात फिरवायला दिली. माझा बाक शेवटचा. माझ्यापर्यंत येईस्तोवर चाळीस पोरांच्या मुठीतून गेलेली ती नळी चांगली उबदार झाली होती. परंतु माझ्या आधीचे चाळीसही जण ‘गार आहे’ म्हणाले होते, तेव्हा मीही म्हणालो. त्यानंतर क्षार पाण्यात विरघळला की पाणी गार होते, हे ज्ञान मी अनुभवाचे म्हणून सर्वत्र सांगत आलो.

पहिल्या सोमवारी दुपारी आक्का आल्या. डोक्यावरचा पदर घामाने कपाळाला चिकटलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ. बसायच्या आधीच त्यांनी विषय सांगितला.

“रायटरभाऊ, आमच्या भावजीनं मला खोटा युरिया दिलाय. तेवढं लिवा.”

भावजी म्हणजे धाकटे दीर. वाटण्या होऊन बरीच वर्षे झाली होती, भांडण असे नव्हते. पण दीर दुकानात असले की भावजयीला बाकीच्या गिऱ्हाइकांसारखेच रांगेत उभे करतात आणि खताच्या सरकारी नोंदीच्या मशीनवर अंगठा लावून घेतात, ही आक्कांची जुनी तक्रार. त्यात हे नवे निमित्त. आक्कांची युरियाची एक परीक्षा होती, जी त्यांच्या सासूने त्यांना शिकवली होती. पोते फोडले की मूठभर युरिया पेल्यात टाकायचा, बोटाने ढवळायचा. असली असेल तर बोटाला कळ लागेल इतके पाणी गार पडते. दरसाल पडत होते. यंदा उसासाठी त्यांनी पोते उन्हाळ्यातच फोडले आणि पाणी गार पडलेच नाही.

पिशवीच्या गाठीत तोच युरिया होता. मी म्हणालो, आपण पुराव्यानिशी लिहू. आवारातल्या नळावरून पेला भरून आणला. आक्कांनी मूठ सोडली, ढवळले, आणि पेला माझ्यापुढे सरकवला. मी तर्जनी बुडवली. पाणी कोमट होते. चाचांनीही बोट बुडवले आणि कोमट आहे असे मत दिले. तीन बोटांचे एकमत झाल्यावर मी टोपण काढले.

इथपर्यंत कोणाची काही चूक नव्हती, असे माझे आजही म्हणणे आहे. चूक झाली ती पुढच्या परिच्छेदात. आक्कांचे म्हणणे तीन ओळींत संपत होते. तीन ओळींचा अर्ज माझ्या टेबलावरून गेलेला कोणी पाहिलेला नाही. अर्जाला वजन हवे म्हणून मी विचार करू लागलो, आणि मला आमच्या पेठेतला रंगखाना आठवला. तिथे सूत रंगवणारे आमचे एक तेलुगू शेजारी बादलीत कॉस्टिक टाकतात, तेव्हा बादली बाहेरून हात लावू देत नाही इतकी तापते. ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आधी पाणी, मग कॉस्टिक, उलटे केले तर उकळून अंगावर उडते. मला मार्ग सापडला. मी लिहिले :

‘उक्त पाणी थंड होण्याऐवजी कोमट असल्याचे अर्जलेखकाने स्वहस्ते पडताळून पाहिले असून, सबब सदर पोत्यात कॉस्टिकसदृश उष्णताजनक व घातक पदार्थाची भेसळ असल्याचा सबळ संशय निर्माण होतो.’

वाचून दाखवले. आक्कांनी मध्येच विचारले, कास्टिक म्हंजे काय. मी म्हणालो, कायद्याचा शब्द आहे. त्यांनी सही केली आणि समाधानाने एस.टी. स्टँडकडे गेल्या. मीही समाधानाने चहा घेतला.

त्या एका वाक्याने काय केले, ते मला पुढच्या सोमवारी कळले. एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहरा उतरलेला. त्यांना एका खोट्या तक्रारीवर खुलासा लिहून हवा होता. त्यांनी तक्रारीची प्रत टेबलावर ठेवली. प्रत माझ्या अक्षरातली होती.

मी अर्जाची घडी हळूच पालथी केली आणि म्हणालो, सांगा.

त्यांनी सांगितले ते असे. साधी तक्रार असती तर कृषी खात्याच्या साहेबांनी दुकानात येऊन पोते पाहिले असते आणि विषय मिटला असता. पण कोण्या शहाण्याने कॉस्टिक लिहिले होते. घातक पदार्थ म्हटल्यावर साहेबांचाही इलाज नव्हता. त्यांनी नमुना प्रयोगशाळेला पाठवायला काढला आणि अहवाल येईपर्यंत दुकानातल्या सगळ्या युरियाची विक्री बंद केली. अहवाल कधी येईल, सांगता येत नाही. इकडे मृग दोन आठवड्यांवर आलेला. पेरणीच्या तोंडावर खतवाल्याचे दुकान बंद राहिले की गाव दुसरीकडे वळते, आणि वळलेले गिऱ्हाईक खतासाठी परत येत नाही. वळसंगात आत्ताच कुजबुज सुरू झाली होती की ह्याच्या पोत्यात ॲसिड सापडले.

“सगळ्यात वाईट काय सांगू साहेब,” ते म्हणाले, “तक्रार आमच्या वैनीची हाय. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या की. ही असली भाषा तिची न्हवं.”

मी विचारले, कशावरून.

“तिला वाचता येतं, लिवता येतं, पण ‘उक्त’ येत न्हाय.”

चाचांनी मुद्रांकांच्या वहीत तोंड खुपसले. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

एका हाताने तक्रार आणि दुसऱ्या हाताने खुलासा लिहिणे आमच्या धंद्यात निषिद्ध नाही. अक्षर हे सार्वजनिक वाहन आहे, असे मी मानतो. मी खुलासा लिहायला घेतला. पण दीर नुसते बोलून थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनीही युरियाची पुडी आणली होती, त्याच पोत्यातली. माझ्या टेबलाखाली माठ असतो. त्यांनी माझ्या परवानगीशिवाय त्यातून पेला भरला, पुडी रिकामी केली, ढवळले आणि माझा हात धरून पेल्यात बुडवला.

माझी बोटे आखडली. इतके गार पाणी मे महिन्यात मी फक्त आइस्क्रीमच्या गाडीवर पाहिले आहे. पेल्याला बाहेरून दव धरले होते.

मी चाचांकडे पाहिले. चाचा उठून आले. त्यांनी बोट बुडवले, काढले, पुन्हा बुडवले.

“वोइच बोरी का है ना?” त्यांनी दिरांना विचारले. तेच, असे उत्तर आले. चाचा माझ्या कानाशी आले. “रायटरसाब, उस दिन गरम था, आज बरफ. खाद तो एकीच है. पानी कहाँ का था?”

त्या दिवशीचे पाणी आवारातल्या नळाचे होते. नळाला पाणी येते गच्चीवरच्या काळ्या टाकीतून, आणि सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या टाकीतल्या पाण्याने वेगळे तापवल्याशिवाय आंघोळ करता येते. चाचा नळापाशी गेले, नुसते पाणी घेऊन आले आणि पेला माझ्यापुढे ठेवला. मी बोट बुडवले आणि लगेच काढले. चटका बसला नाही, पण बसायला फारसा अवकाशही नव्हता.

म्हणजे त्या सोमवारी युरियाने आपले काम केले होते. ह्या चटक्याच्या पाण्याला त्याने कोमटापर्यंत खाली आणले होते. आधीचे पाणी कसे आहे, हे मात्र तिघांपैकी एकाही बोटाने पाहिले नव्हते. आक्कांच्या सासूची परीक्षा खोटी नव्हती; ती पावसाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यावर बेतलेली होती. आणि आक्कांच्या अंगणातले पाण्याचे पत्र्याचे पिंप उन्हात असते, हे मी विचारताच दिरांनी सांगितले.

त्यांना अद्याप माहीत नव्हते की ‘उक्त’ कोणाचा. चाचांनी मला डोळ्यांनी विचारले, सांगू? मी डोळ्यांनी सांगितले, नको. खुलासा मात्र मी जन्मात लिहिला नसेल इतका नेटका लिहिला, आणि ‘सबब’ ऐवजी प्रथमच ‘म्हणून’ वापरले, जेणेकरून अक्षर ओळखू आले तरी भाषा ओळखू येऊ नये.

गुरुवारी साहेबांनी दोन्ही पक्षांना बोलावले होते. मला कोणी बोलावले नव्हते. मी आक्कांचा अर्ज वाचून दाखवण्यासाठी म्हणून गेलो, आणि चाचा मला सोबत म्हणून आले. टेबल बंद करून, जे त्यांनी ईद सोडून कधी केलेले नाही.

साहेब तरुण, कृषी पदवीधर. त्यांनी तक्रार आणि खुलासा शेजारीशेजारी ठेवले, चष्मा वर केला, खाली केला.

“दोन्ही एकाच हातचे दिसतात.”

मी नम्रपणे सांगितले की, दोन्ही पक्षांची बाजू साहेबांना सारख्याच सुवाच्यतेने कळावी, एवढाच हेतू होता. दिरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी इथे लिहून काढत नाही.

त्यानंतर मी माझी बाजू, म्हणजे आता दिरांची बाजू, प्रयोगाने मांडली. दोन पेले नळाच्या पाण्याने भरायचे, एकात युरिया टाकायचा, दुसऱ्यात काही नाही. साहेब हसले, पण शिपायाला पेले आणायला सांगितले. स्वतः बोट बुडवून पाहिले, आणि बोटांवर विश्वास नको म्हणून कपाटातून करोनाच्या काळातले, कपाळाला लावून ताप मोजायचे पिस्तूल काढले. त्यात सेल घालताच ते जिवंत झाले. साध्या पाण्यावर धरले, तर लाल दिवा लावून ते ओरडू लागले. युरियाच्या पाण्यावर धरले, तर हिरवा दिवा लागून गप्प बसले. साध्या पेल्याला ताप होता आणि युरियाच्या पेल्याचा उतरला होता, असा यंत्राचा निर्वाळा पडला.

मग कचेरीचे काम थांबले, याला मी जबाबदार नाही. कारकुनांनी डब्यातले मीठ टाकून पाहिले. पाण्यात काही फरक पडला नाही. शिपायाने ओल्या तळहातावर धुण्याची पावडर घेतली आणि ‘गरम लागतंय’ म्हणून सगळ्यांना हात दाखवत फिरला. कोणी ग्लुकोज आणले, ते जरा गार लागले. साहेबांनी सगळ्यांना उभ्या उभ्या समजावले. काही पदार्थ विरघळताना पाण्याकडून उष्णता घेतात, काही पाण्याला देतात, मिठाची देवाणघेवाण जवळपास सारखी सुटते. युरिया घेतो, मात्र मूठभर युरिया घेऊन घेऊन किती घेणार, तापलेल्या पाण्यातून तेवढी वजा केली की उरते ते कोमट. शिवाय युरिया हा क्षार नव्हे, असे त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितले. नववीपासूनची माझी जी एक मालमत्ता होती, तिच्यातलाही अर्धा भाग असा गेला.

दिरांनी विचारले, मग साहेब, विक्री सुरू करू का.

साहेब गंभीर झाले. म्हणाले, पेल्यांवरून फाइल बंद होत नाही. कागदावर घातक भेसळीचा आरोप आहे; तो आहे तोवर नमुना जाणारच आणि विक्री बंदच. आरोप चुकीच्या समजुतीने झाला असे तक्रारदाराने कारणासह लिहून दिले, तरच ते आजच्या आज आदेश मागे घेऊ शकत होते.

सगळ्यांनी आक्कांकडे पाहिले. आक्का बाकावर ताठ बसल्या होत्या.

“मी न्हाय लिवून देणार,” त्या म्हणाल्या. “माझं बोट खोटं बोललं का? पानी गार नव्हतं, मी गार न्हाय म्हनाले. ह्यात माझं काय चुकलं?”

दीर म्हणाले, “वैनी, दुकान जाईल की.”

“दुकान ज्यानं घालवलं त्याला बोला. कास्टिक मी म्हनालेच न्हाय. मी इचारलं बी व्हतं, म्हंजे काय. तर म्हनाले, कायद्याचा शब्द हाय.”

चाचा भिंतीवरचा पिकांचा तक्ता वाचू लागले, जो त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

इथे मला काही गोष्टी नोंदवायच्या आहेत. मी शेकडो चुका लिहिल्या आहेत. विलंबाच्या, नजरचुकीच्या, अजाणतेपणी झालेल्या, वारसाच्या, हद्दीच्या. ‘झाल्या चुकीबद्दल दिलगीर आहे’ हे वाक्य माझ्या हाताला इतके पाठ आहे की बोलता बोलता लिहून होते. परंतु ते नेहमी दुसऱ्याच्या सहीवर थांबते. त्या दिवशी साहेबांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला तेव्हा पेन उघडायला मला वेळ लागला, आणि तो सगळ्यांनी पाहिला. दिरांनीही. खिशातले पेन काढून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले, जणू माझे चालत नसावे म्हणून मी थांबलो होतो.

मी लिहिले :

‘तक्रारदाराने फक्त पाणी गार न झाल्याचे सांगितले होते. कॉस्टिकचा मजकूर अर्जलेखकाने स्वतःच्या मनाने घातला. आधीचे पाणी तपासले नाही. चूक माझी आहे.’

सबब नाही, उक्त नाही. एकूण तीन-चार ओळी. माझ्या हातून गेलेला हा सर्वांत आखूड कागद. साहेबांनी वाचला, आक्कांपुढे धरला. त्यांनी तो मनात वाचला, मग पुन्हा एकदा मोठ्याने वाचला, शेवटचे वाक्य जरा जास्तच मोठ्याने, आणि खाली तक्रार मागे घेतल्याची सही केली. साहेबांनी तिथेच आदेश काढला. विक्री सुरू.

बाहेर आल्यावर दीर आक्कांना म्हणाले, मोटारसायकल आहे, सोडतो.

“रांगेत हुबी ऱ्हाऊ का आधी?” आक्का म्हणाल्या. मग पदर आवळून मागच्या सीटवर बसल्या. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांचे बोलणे चालूच होते. काय ते कळले नाही, पण दिरांची मान सारखी हलत होती.

मृगाच्या आठवड्यात वळसंगचा एक शेतकरी सातबाऱ्याच्या कामाला आला. त्याने सांगितले की दुकानात आता युरियाच्या पोत्यावर दोन पेले ठेवलेले असतात आणि दीर प्रत्येकाला आधी साध्या पाण्यात बोट घालायला लावतात. गर्दी नेहमीपेक्षा जास्त आहे. प्रयोग कोणाचा, असे कोणी विचारले तर ते ‘एका रायटरचा’ एवढेच सांगतात.

तरीही एका बाबतीत माझ्यावर अन्याय झालेला आहे, आणि त्याच कारणे हा मजकूर सादर करीत आहे. माझा तो कागद फाइलला लावताना कारकुनांनी समासात शेरा मारला : ‘अर्जलेखकाचे अज्ञान.’ मी तो उलट्या बाजूने वाचला आहे, वाचनात चूक नाही. चूक मी स्वहस्ते मान्य केलेली आहे आणि त्यापासून मागे हटत नाही. परंतु चूक एका दुपारपुरती असते. अज्ञान म्हटले की ते माणसाच्या नावाला कायमचे चिकटते, आणि मला अजून पंधरा-वीस वर्षे त्याच आवारात बसायचे आहे.

तरी मेहेरबानांनी उपरोक्त हकिगतीचा विचार करून, समासातील ‘अज्ञान’ हा शब्द खोडून त्या जागी ‘नळाच्या पाण्याच्या तापमानाबाबत तात्पुरती अनभिज्ञता’ असे लिहिण्याचे आदेश व्हावेत. समास अपुरा पडल्यास जोडकागद मी स्वखर्चाने देईन. काय निर्णय होईल तो लेखी कळवावा. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, मात्र ते सहीनिशी असावे. मी दररोज सकाळी दहापासून शेडखाली, चाचांच्या डाव्या हाताला, हजर असतो.